व्यायामाचे उद्दिष्ट कसे ठरवावे?

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाची तासिका असते. परंतु त्या तासिकांतून नेमके काय साधावयाचे, हे पाठटाचणात क्वचितच स्पष्ट झालेले असते. ‘मुलांचे आरोग्य सुधारणे’ एवढेच बहुधा लिहिले जाते. ही सदिच्छा होय; उद्दिष्ट नव्हे. गणिताच्या टाचणात आपण ‘मुलांना गणित यावे’ असे लिहीत नाही. ‘दोन अंकी संख्यांची हातच्याची बेरीज करता यावी’ असे लिहितो. व्यायामासही हाच न्याय लावला पाहिजे.

उद्दिष्टाची लक्षणे

चांगल्या उद्दिष्टाची लक्षणे तीन. ते मोजता यावे. त्यास मुदत असावी. आणि त्याचा आरंभ मुलाच्या आजच्या शक्तीपासून व्हावा. यांपैकी तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे असून तेच अधिक दुर्लक्षित राहते. ‘पाहू या, पहिला कोण येतो’ असे म्हणताच चार-दोन मुले झटतात आणि उरलेली मनातून हार मानतात. ज्या मुलास व्यायामाची गरज सर्वांत अधिक, तेच मैदानाच्या कडेला जाऊन बसते. एकदा कडेला बसण्याची सवय जडली म्हणजे ती मोडणे कठीण.

थोर खेळाडूंची प्रगतीही पायरीपायरीने झालेली दिसते. शेजारच्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मांडवा या गावचे श्री. अविनाश साबळे यांचे उदाहरण पाहावे. अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडीत ३००० मीटर धावण्याच्या स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी २०१८ साली ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ही सुधारणा जेमतेम एका सेकंदाची होती. २०१९ साली ती वेळ ८ मिनिटे २१.३७ सेकंदांवर आली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्यांनी रौप्यपदक मिळविले. आणि २०२४ साली पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा नवा विक्रम केला. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद! प्रत्येक वेळी मोडावयाचा विक्रम बहुतांशी त्यांचा स्वतःचाच होता, हे विशेष ध्यानात घ्यावे.

नमुना योजना

समजा, चिखली तालुक्यातील उंद्री येथे इयत्ता चौथीच्या वर्गासाठी आठ आठवड्यांची योजना आखावयाची आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात व उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. म्हणून दिवाळीच्या सुटीनंतरचा काळ निवडावा. खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचणीत चौथीपासून ६०० मीटर धावणे-चालणे अंतर्भूत आहे; तेच आपण घेऊ. मोठे मैदान नसल्यास ३० मीटर लांब व २० मीटर रुंद असा आयत फक्कीने आखावा. त्याची एक फेरी १०० मीटरची होते. सहा फेऱ्यांत अंतर पूर्ण होते. वेळ मोजण्यास मोबाइलमधील स्टॉपवॉच पुरे.

पहिल्या आठवड्यात केवळ नोंद घ्यावी: न थांबता किती फेऱ्या धावता आल्या आणि सहा फेऱ्यांस किती वेळ लागला. त्यावरून प्रत्येकाचे उद्दिष्ट ठरवावे.

(अ) दोन फेऱ्यांनंतर थांबणाऱ्याने चार फेऱ्या सलग धावाव्यात.
(आ) चार फेऱ्या धावणाऱ्याने सहा पूर्ण कराव्यात.
(इ) सहा फेऱ्या ३ मिनिटे २० सेकंदांत धावणाऱ्याने ३ मिनिटे १० सेकंदांत धावाव्यात.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात एक दिवसाआड सराव घ्यावा. प्रथम एक फेरी धावणे व एक चालणे. पुढे दोन धावणे व एक चालणे, असा भार हळूहळू वाढवावा. मधला दिवस विश्रांतीचा. श्रमानंतर शरीर सावरते व बळावते ते विश्रांतीतच. त्या दिवशी लंगडी किंवा लगोरी खेळण्यास हरकत नाही. आठव्या आठवड्यात पुन्हा मोजणी करावी.

दक्षता

वजन कमी करणे हे लहान मुलास उद्दिष्ट म्हणून देऊ नये व कोणाचेही वजन वर्गात वाचून दाखवू नये. ताप, धाप किंवा छातीत दुखणे असल्यास मुलास धावू देऊ नये. पालकांस कळवून वैद्यकीय तपासणी करवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांचा मध्यम ते जोमदार व्यायाम सुचविला आहे. शाळेच्या तासिकेत एवढा वेळ मिळत नाही. म्हणून प्रत्येक मुलाने आपले उद्दिष्ट स्वतःच्या वहीत लिहावे, म्हणजे ते त्याच्याबरोबर घरी जाईल.

मूल्यमापन

नोंदवहीत मुलाचा वर्गातील क्रमांक लिहू नये; त्याचा पहिला आकडा व शेवटचा आकडा शेजारी लिहावा. दोन फेऱ्यांवरून चारांवर आलेल्या मुलाची प्रगती वेगवान धावपटूच्या प्रगतीहून कमी लेखू नये. बहुतेक मुलांस उद्दिष्ट गाठता आले नाही, तर दोष मुलांस न देता योजना पुन्हा तपासावी आणि पुढील पायरी लहान करावी. कडेला बसलेले मूल आपण होऊन आखलेल्या रेषेवर येऊन उभे राहिले, म्हणजे उद्दिष्ट योग्य ठरले असे समजावे.