आधी आवाज, मग फोन

चि. सई,


तुझी संहिता वाचली. रसवंती चालवणारे आजोबा आणि शाळा सोडू पाहणारा नातू, सात मिनिटांत मावेल एवढाच विषय घेतलास, हे फार चांगलं केलंस. पण बाबांकडे नवा फोन मागून तो येईपर्यंत शूटिंग थांबवलंस, हे पटलं नाही. शॉन बेकरने २०१५ सालचा ‘टँजरिन’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आयफोन ५एसवर घेतला. तुझा फोन त्याच्या कितीतरी पुढचा आहे. आवाजासाठी मात्र बेकर फोनवर विसंबला नाही, त्याने वेगळे माइक वापरले. आणि आवाजाचा विचार तुझ्या संहितेत कुठेच नाही.

मी वर्षानुवर्षं संकलनाला बसते, म्हणून सांगते. थोडं हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळलेला संवाद नाही. दुसरा एखादा फोन माग, त्यावर रेकॉर्डिंग सुरू कर आणि तो बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, फ्रेमबाहेर ठेव. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाक. प्रत्येक शॉटच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतील. चरक चालू असताना संवाद घेऊ नकोस. त्याच्या घुंगरांचा आवाज एकदा संवादात मिसळला की वेगळा निघत नाही. चरक बंद ठेवून संवाद घे, पण कलाकारांना तो चालू असल्यासारखं मोठ्याने बोलायला सांग, नाहीतर नंतर घुंगरू जोडल्यावर ते बोलणं खोटं वाटेल. मग चरक लावून नुसते घुंगरू दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड कर. सगळे गप्प असतानाचा त्या जागेचा आवाजही मिनिटभर घे.

उजेडाचं सांगते. रसवंतीवर हिरवी जाळी असेल तर चेहरेही हिरवट दिसतील. आजोबांना छपराच्या कडेला, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसव. भर दुपारी शूट करू नकोस, डोळ्यांखाली काळं पडतं. फोनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर, म्हणजे मागून पांढऱ्या सदऱ्याचा माणूस गेला तरी चित्र काळवंडणार नाही. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये पट्टे दिसले तर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेव, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोनच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट मिळतं, तुझ्या फोनवर चालतं का बघ.

बोटांनी झूम नको, चार पावलं पुढे जा. कट म्हणण्याआधी पाच सेकंद थांब. आजोबांचे हात, उसाचा चोथा, गल्ल्यातली चिल्लर, नातवाची नजर असे जवळचे शॉट भरपूर घे. संकलनात अडलं की तेच उपयोगी पडतात.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मागण्याआधी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कुंडीतल्या वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम घेत चित्रित केलं आणि ते दाखवून पैसे उभे केले. बाबांकडे फोन मागायचाच असेल तर तूही आधी काहीतरी करून दाखव.

येत्या रविवारी एका प्रसंगाची मिनिटभराची चाचणी घे. कुठेही न कापता, दोन्ही फोनच्या मूळ फाइल ड्राइव्हवर टाकून मला पाठव. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलास तर दर्जा उतरतो.

तुझी,
आत्या