जंतूंची बेगमी आणि शिळा भात

कोकणात वाढलेल्यांना ‘बेगमी’ हा शब्द समजावून सांगायला नको. मिरग लागायच्या आत सुकी मासळी, मसाला, तांदूळ, सरपण असे सारे घरात भरून ठेवायचे, म्हणजे चार महिने पाऊस कितीही कोसळला तरी चूल पेटती राहते. डोळ्यांना न दिसणारे जंतूदेखील अशीच बेगमी करतात. त्याचा आपल्या आरोग्याशी आणि रोजच्या भाताच्या भांड्याशी काय संबंध आहे, ते आज पाहू.

जंतू साठवण कशी करतात?

जंतूचे शरीर म्हणजे एकच पेशी. भोवती खाणे भरपूर असले, पण वाढीला लागणारा नायट्रोजनसारखा एखादा घटक कमी पडला, की तो जास्तीचे अन्न वाया जाऊ देत नाही. त्याचे लहान लहान रेणू एकमेकांना जोडून तो लांब साखळी बनवतो आणि पोटात दाण्यासारखी साठवतो. अशा साखळीला पॉलिमर म्हणतात.

साखळीच कशासाठी? साखर पेशीत विरघळलेली राहिली तर ती बाहेरचे पाणी आत ओढते आणि पेशी फुगते. सुटे मणी दोऱ्यात ओवले की पसारा आवरतो, तसे रेणू जोडले की हा त्रास होत नाही.

आपले शरीरही हेच करते. जेवणातली जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेन नावाच्या साखळीच्या रूपात साठते. मोठ्या माणसाच्या यकृतात ती साधारण 100 ग्रॅम असते. योम किप्पूरच्या उपासात पहिले कित्येक तास रक्तातली साखर टिकते ती याच साठ्यामुळे.

पुष्कळ जंतूही ग्लायकोजेन साठवतात. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने जिचा धसका घेतला होता, त्या पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जंतू त्यांतलाच. रोग्याच्या पोटातून बाहेर पडून तळ्याच्या निकस पाण्यात गेल्यावर तो या शिदोरीवर अधिक काळ तग धरतो आणि पुढच्या माणसापर्यंत पोचतो.

दुसरी साठवण चरबीसारखी असते. तिचे लांबलचक नाव पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मॉरिस लमॉन्य यांनी 1926 साली ती एका जंतूत ओळखली. काही जंतूंच्या सुक्या वजनाचा 80 टक्क्यांपर्यंत भाग याच दाण्यांचा असू शकतो. या दाण्यांपासून आता मातीत कुजणारे प्लास्टिकही बनवतात.

रेहोवोतमधला प्रयोग

रेहोवोत येथे हिब्रू विद्यापीठाची शेतकी शाखा आहे. तेथील शास्त्रज्ञांनी पिकांच्या मुळांशी राहणारा अॅझोस्पिरिलम नावाचा उपयोगी जंतू घेतला आणि पीएचबी बनवताच येणार नाही असा त्याचा एक भाऊबंद तयार केला. मग दोघांना ऊन, उष्णता, कोरडेपणा, खारटपणा यांचा मारा दिला. बेगमी असलेला जंतू जास्त टिकला. म्हणजे ही साठवण केवळ भूक भागवत नाही, तर संकटातही आधार देते.

आता भाताकडे वळू

मातीत बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू असतो. तो तांदळाबरोबर सहज घरात येतो. हाही पीएचबीचे दाणे साठवतो. खाणे संपत आले की तो स्वतःभोवती जाड कवच बनवून ‘बीजाणू’ होतो, जणू टणक कवचाच्या बीसारखा. हे कवच बनवायला काही तास लागतात आणि शक्तीही लागते. बाहेरचे अन्न संपलेले असते, तेव्हा पोटातले दाणे मोडून तो काम पुरे करतो. बेगमी खर्च होते, पण बीजाणू तयार होतो.

बीजाणू आतून जवळजवळ कोरडा असतो. भात शिजताना पाणी उकळते, तरी तो मरत नाही. भात कोमट झाला की तो जागा होतो आणि झपाट्याने वाढू लागतो. वाढताना तो विष सोडतो. हे विष तापवून जात नाही, प्रेशर कुकरची उष्णतासुद्धा त्याला पुरत नाही. सकाळी भाताला मोहरी-कढीपत्त्याची खमंग फोडणी दिली तरी विष तसेच राहते. वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असे नाही.

असा भात खाल्ल्यावर बहुधा 1 ते 6 तासांत मळमळ आणि उलट्या होतात. याच जंतूच्या दुसऱ्या प्रकारच्या विषाने 6 ते 15 तासांत पोटात कळा येऊन जुलाब होतात. तरुण माणूस एका दिवसात सावरतो. आपल्या वयात मात्र शरीरातले पाणी लवकर कमी होते, रक्तदाब उतरतो, चक्कर येऊन पडायला होते.

मीही वर्षानुवर्षे रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवत आले. “आम्हांला कधी काही झाले नाही” असे आपण म्हणतो. पण तेव्हा आपण तिशीत होतो, आज नाही.

एवढे लक्षात ठेवा

1. लागेल तेवढाच भात रांधा. उरला तर पसरट भांड्यात काढा, म्हणजे लवकर निवेल, आणि शक्यतो एका तासाच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.

2. फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवा. एकदाच वाफ येईपर्यंत गरम करा, पुन्हा पुन्हा नको.

3. शब्बाथच्या प्लाटावर भात ठेवला तर तो सतत चांगला गरम, 60 अंशांच्या वर राहायला हवा. टायमरने प्लाटा रात्री बंद होत असेल, तर दुपारपर्यंत तसाच राहिलेला भात खाऊ नका.

4. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या. अन्न टाकणे जिवावर येते, हे खरे. म्हणून पहिला नियम पाळा.

5. उलट्या-जुलाब झाल्यास घोट घोट पाणी, पेज किंवा क्षार-साखरेचे पाणी घेत राहा. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवी कमी झाली, रक्त पडले किंवा ग्लानी आली, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या त्या दिवशी घ्याव्यात का, हेही त्यांनाच विचारा.

जंतू आपल्या वाईट दिवसांची तयारी आधीच करून ठेवतो. आपणही जेवण झाल्यावर पाच मिनिटे काढून उरलेल्या भाताची सोय लावली, तर पुढचा त्रास टळेल.