शुगर, गंज आणि आपल्या देणगीचे पैसे

मंडळी, या पुस्तिकेच्या निधीतून गावाकडे मधुमेह तपासणी शिबिर घ्यायचं ठरलं, तेव्हा कोणत्या चाचण्यांवर खर्च करायचा हा प्रश्न आला. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'ही मोजूया, अशी एक सूचना होती. आम्ही डॉक्टर नव्हे, सॉफ्टवेअरवाले. पण आकड्यांशी रोजचाच संबंध, म्हणून थोडा अभ्यास केला.

पेशी साखरेपासून ऊर्जा बनवतात, तेव्हा फ्री रॅडिकल्स नावाचे उपद्व्यापी रेणूही तयार होतात. एरवी ग्लुटाथिऑनसारखी द्रव्यं त्यांना आवरतात. शुगर सतत चढी राहिली की ही राखण कमी पडते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला जणू गंज चढतो. डोळे, किडनी आणि नसा या तिन्हींच्या बिघाडामागे हाच समान दुवा असावा, असं मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली 'नेचर'मध्ये मांडलं.

मग हा गंज मोजायचा कसा? चरबीच्या ऑक्सिडेशनमधून एमडीए हे द्रव्य तयार होतं. ते मोजण्याच्या जुन्या, स्वस्त पद्धतीत रसायन घातल्यावर गुलाबी रंग येतो. गोम अशी, की रक्तातल्या इतर पदार्थांनीही तो रंग येतो, आणि नमुना नीट थंड ठेवला नाही तर आकडा बदलतो. अमुक आकड्यापुढे धोका, अशी सर्वमान्य रेषाही नाही. संशोधनाला ठीक, शिबिराला नाही.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचंही तसंच. 'होप' या मोठ्या अभ्यासात साडेनऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन ई आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी सुमारे साडेचार वर्षं दिली. त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त मधुमेही होते. २०००मध्ये निकाल आला: हृदयविकाराच्या बाबतीत काडीचाही फायदा नाही. तरी इथल्या दुकानांत त्या बाटल्यांच्या रांगा आहेतच!

याउलट एचबीएवनसी बघा. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. पण सरासरी ती सरासरीच, चढउतार त्यात दिसत नाहीत. शिवाय लोहाची कमतरता असेल तर आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडे बायकांमध्ये ती किती, हे सांगायला नको. म्हणून सोबत हिमोग्लोबिन हवंच.

तेव्हा आमची यादी अशी: एचबीएवनसी, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब सगळ्यांचा, मधुमेह निघाला तर क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा. अल्ब्युमिन क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं, तर ती चाचणी पुन्हा करायची, म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा बोलवायचं. त्याच्या एसटीच्या भाड्याचे पैसेही आम्ही अंदाजपत्रकात धरले आहेत.