लेझर बॅटरी आणलीस ना, मग ऐक

बाबू, नागपूरहून लेझरची बॅटरी आणलीस, बरं केलंस. पण खोक्यावरचा एक किलोमीटर पिकाच्या जागलीच्या हिशेबात धरू नकोस. उजेड विरत विरत पाव लक्सवर येतो, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचं अंतर मोजून तो आकडा छापतात. चांदण्यात धुऱ्यावर काहीतरी उभं आहे एवढं कळतं. रोही आहे की कुणाचा सुटलेला गोऱ्हा, ते कळत नाही. अंतर निम्म्यावर आलं की उजेड चौपट होतो. म्हणून छापलेल्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतच आपली नजर पोचते असं समजायचं. दुसरी बॅटरी घेताना दुकानदार लुमेन सांगेल, तू कँडेला विचार. अडीच लाख कँडेला असतील तेव्हा कुठे तो किलोमीटर भरतो. लुमेनमध्ये लेझर बॅटरी चांगल्या एलईडीच्या मागेच असते. तिचं काम फेकण्याचं, पसरण्याचं नाही.

आत निळा लेझर पिवळ्या फॉस्फरच्या बारीक ठिपक्यावर पडतो, त्याचा पांढरा उजेड होतो आणि पुढचं भिंग तो आवळून सोडतं. म्हणजे बाहेर पडतो तो नुसता लेझर नसतो, तरी कुणाच्या डोळ्यांवर धरायचा नाही. मचाणावरून बॅटरी पडली आणि झोत निळसर किंवा वेडावाकडा दिसू लागला, तर लगेच बंद कर. फॉस्फर तडकला असेल तर कच्चा निळा लेझर बाहेर येतो, तो डोळा घालवतो. खोलून बघायची हौस नको.

पन्नास मीटरवर तो झोत जेमतेम बैलगाडीच्या रुंदीचा असतो आणि त्याच्या कडेला काळोख. म्हणून ही बॅटरी मचाणावर बसून वापरायची. चालायला डोक्याला बांधायचा साधा दिवा वेगळा ठेव. आपल्याकडे हे जास्तच सांगावं लागतं, कारण डुकरांसाठी कुणी धुऱ्यावर चोरून जिवंत तार सोडतो. वाघ त्यात मेले, माणसंही मेली. लेझरचा झोत पलीकडच्या सागाचं पान दाखवील, पण गुडघ्याशी ताणलेली तार दाखवणार नाही. रात्री दुसऱ्याच्या बांधीतून आडवं जाऊच नये.

आता डोळ्यांचं. चितळ, रोही, बिबट, वाघ यांचे डोळे झोतात चमकतात. रंगावरून जनावर ओळखतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. झोत कुठून पडतो त्यावर रंग फिरतो. जमिनीपासूनची उंची बघ, दोन डोळ्यांतलं अंतर बघ, हालचाल बघ. चितळांचा कळप असला तर ठिपके खाली-वर होत राहतात. समोर रोखलेले, रुंद, न हलणारे दोन डोळे दिसले तर मचाणावरून उतरायचं नाही. गवतात बारीक हिरे चमकले तर ते कोळी, आणि वाटेवर अगदी जमिनीलगत लालसर निखारा दिसून भुर्रकन उडाला तर तो रातवा.

डुकराचे डोळे मात्र असे चमकत नाहीत. बाकीच्यांच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा आरशासारखा पडदा असतो, तो डुकराला नसतो. नवीन पोरं झोत एकदा फिरवतात, डोळे दिसले नाहीत की गोधडी ओढतात, आणि सकाळी अर्धी बांधी लोळवलेली! डुकरासाठी आधी कान लाव. धानात सळसळ झाली, फुरफुर ऐकू आली, की त्या जागेवर झोत सावकाश सरकव आणि लोंब्या कुठे हलतात ते बघ.

इरई धरणाकडून धुकं आलं की ही बॅटरी जवळजवळ निकामी. झोताचा पांढरा खांब उभा राहतो आणि आपणच आंधळे होतो. तेव्हा ती डोळ्यांपासून लांब, कमरेशी धर आणि झोताच्या बाजूने बघ. तरी फार दिसणार नाही.

वाघ उजेडाने पळतो, हे डोक्यातून काढ. कधी पळतो, कधी तिथेच बसून राहतो. झोत आहे म्हणून पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जायचं धाडस तर मुळीच करू नकोस. वाकलेला माणूस, मागे झुडूप आणि नजर एका बारीक उजेडात अडकलेली, यापेक्षा वाईट काय? चांगलं उजाडू दे, चौघे मिळून जा, बोलत राहा. गावाशेजारी वाघ दिसला तर झोत मारत मागे धावायचं नाही. वनरक्षकाला आणि गावातल्या प्राथमिक बचाव दलाच्या पोरांना फोन लाव. पाहुण्यांना वाघ दाखवायला रस्त्यावरून जंगलात झोत टाकणं तर सोडूनच दे. अभयारण्यात जनावराला त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि आपलं मोहर्ली गाव पोट भरतं ते याच जंगलावर.

ही बॅटरी खरी कामाची ती लांबून हाक द्यायला. बोडीपलीकडच्या मचाणावर तुझा काका असतो, तिथे मोबाइलला रेंज नाही. दोघांनी आधीच ठरवा: तीन वेळा उघडझाप म्हणजे माणूस पाठव, एकच लांब झोत म्हणजे सगळं ठीक. झोत त्याच्या तोंडावर नाही, डोक्यावरच्या फांदीवर टाकायचा. आणि खिशात ठेवताना मागची टोपी अर्धा फेरा सैल कर, नाहीतर आपोआप पेटून सेल रात्रीआधीच बसेल. टिनाच्या छपराखाली उन्हात ठेवू नकोस, लिथियमचा सेल आहे तो.