हरवलेली अनुक्रमणिका

इ. स. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खोदण्याचे काम चालू असता मातीतून एक ताम्रपट निघाला. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ. स. १०१७ मध्ये, दिलेल्या दानाची हकीकत त्यावर कोरलेली होती. साडेसातशेहून अधिक वर्षांनी तो लेख उजेडात आला, तरी विद्वानांना तो वाचता आला. तांब्याची स्मृती अशी चिवट असते.

आज त्याच ठाणे शहरात माणसे निराळ्या प्रकारचे लेख खिशात बाळगतात. कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड ३२ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद, टपालाच्या तिकिटाएवढे असते. मोबाइलमधील कार्ड तर बोटाच्या नखाएवढेच. एवढ्याशा चकतीत हजारो छायाचित्रे मावतात. परंतु ही स्मृती जितकी विशाल, तितकीच नाजूक आहे. तिची प्रकृती ओळखल्यावाचून तिच्यावर उपचार करू नये.

या कार्डात काहीही कोरलेले नसते. त्यात असंख्य सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो. वीज बंद केली तरी तो भार टिकून राहतो. फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने शोधलेली ही युक्ती १९८४ मध्ये जगापुढे आली. आज सर्वत्र आढळणाऱ्या एसडी कार्डाची घोषणा १९९९ मध्ये झाली.

मात्र नुसते कप्पे असून भागत नाही. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. अशा ग्रंथालयात कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे सूचीवरून कळते. समजा, ती सूचीच फाटली, तर पुस्तके नाहीशी होतात काय? मुळीच नाही. ती कपाटातच असतात. केवळ सापडत नाहीत. कार्डातही अशीच एक अनुक्रमणिका असते. छायाचित्र पुसले, अथवा साध्या रीतीने फॉरमॅट केले, की बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी जाते. चित्र आपल्या जागी असते. परंतु ती जागा आता रिकामी समजली जाते, आणि पुढे काढलेले चित्र तेथे येऊन बसू शकते.

याचा अर्थ एका प्रसंगाने स्पष्ट होईल. वर्तकनगरात गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती पाडून तेथे उंच इमारती बांधल्या गेल्या. समजा, अशाच एका इमारतीत वाढलेल्या मुलीने घर सोडण्यापूर्वी सारी इमारत छायाचित्रांत टिपून ठेवली : झिजलेल्या पायऱ्या, आजीची तुळस, दारात उभे असलेले शेजारी. इमारत पाडली गेली. एके दिवशी कॅमेऱ्याने कार्ड वाचण्याचे नाकारले आणि विचारले, “फॉरमॅट करावे काय?” धाकट्या भावाने होकाराचे बटण दाबले. कॅमेरा चालू झाला, म्हणून आनंदाने त्याने चार छायाचित्रेही काढली. मग पाहतो तो जुने एकही चित्र दिसेना!

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. आत्या म्हणाली, “अगं, रडू नकोस. आधी कार्ड बाहेर काढ. आता त्यावर एकही चित्र घ्यायचे नाही.” तिने कार्ड संगणकाला जोडले. पुसलेली चित्रे शोधणारी आज्ञावली चालवली आणि सापडलेली चित्रे कार्डावर न ठेवता संगणकात साठवली. तुळस मिळाली, शेजारी मिळाले. परंतु पायऱ्यांची काही चित्रे मिळाली नाहीत. त्यांच्या जागी भावाची नवी चित्रे जाऊन बसली होती. पाडलेल्या पायऱ्यांचे चित्र पुन्हा कोठून काढणार?

म्हणून कार्ड रुसले असता पुढील क्रम पाळावा. प्रथम उपकरण बंद करून कार्ड काढावे, त्याच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसाव्यात व ते नीट बसवावे. तरीही ते वाचले गेले नाही, तर दुसऱ्या उपकरणात घालून पाहावे. तेथे चालले तर दोष पहिल्या उपकरणात असण्याचा संभव अधिक. चित्रे दिसतात, पण नवीन साठवता येत नाहीत, असे झाल्यास कार्डाच्या कडेची बारीक खिटी पाहावी. ती कुलूपाच्या बाजूस सरकलेली असेल. जुन्या कॅमेऱ्यास मोठ्या क्षमतेचे नवे कार्ड वाचता येत नाही. अशा वेळी दोष कोणाचाच नसतो. चित्र साठवले जात असताना दिवा लुकलुकतो. तो विझेपर्यंत कार्ड ओढून काढू नये. आणि चित्रे अन्यत्र सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नये.

या सर्वांहून मोठा उपाय एकच, आणि तो बिघाड होण्यापूर्वी करावयाचा असतो. मोलाच्या चित्रांच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कार्ड हे चित्रे वाहून नेण्याची पिशवी आहे. ती जपून ठेवण्याची पेटी नव्हे. ताम्रपट मातीत विसरला तरी टिकला. कार्डातील स्मृती मात्र माणसाने आठवणीने जपली, तरच टिकते.

स्वाध्याय

१. ताम्रपटावरील लेख व कार्डातील चित्र यांतील फरक सांगा.
२. कार्डातील अनुक्रमणिकेस ग्रंथालयाच्या सूचीची उपमा का दिली आहे?
३. आत्याने कार्ड तत्काळ बाहेर काढण्यास का सांगितले?
४. ‘पिशवी’ व ‘पेटी’ या शब्दांतून लेखकाला काय सुचवायचे आहे?
५. तुमच्या घरातील कोणती छायाचित्रे पुन्हा काढता येणार नाहीत? त्यांच्या प्रती कोठे आहेत, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा व दहा ओळी लिहा.