पाऊस आधी स्वतः मोज

चि. छोटी,


परिसर अभ्यासाच्या प्रशिक्षणासाठी साधनव्यक्ती म्हणून तुझी निवड झाली, फार बरं वाटलं. तू माझ्या जुन्या टिपणवह्या मागितल्यास, पण त्या मी पाठवणार नाही. तू वहीतून सांगशील, शिक्षक उतरवून घेतील आणि वर्गात मुलांना तेच उतरवून देतील. मी कितीतरी वर्षं हेच केलं. फळ्यावर पर्जन्यमापकाची सुबक आकृती काढायचो, पाऊस मात्र एकदाही मोजला नव्हता. त्याची खंत अजून जात नाही.

तू चार-चार जणांचे गट कर. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली कापून तोंडाकडचा भाग उलटा, नरसाळ्यासारखा बसवायला सांग. तळ उंचसखल असतो, म्हणून सरळ भाग लागेपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची. एक बाटली उघड्यावर, एक झाडाखाली, एक भिंतीलगत. नोंद सकाळी साडेआठला. हवामान खात्याचीही तीच वेळ. आकडे जुळणार नाहीत. कुणीतरी विचारेलच, "मॅडम, यातला बरोबर कोणता?"

तिथे उत्तर देऊ नकोस. जीभ शिवशिवेल, तरी गप्प राहा. त्यांना वाद घालू दे, बाटल्यांच्या जागा बदलू दे, पुन्हा मोजू दे. खरं प्रशिक्षण तेवढंच.

मग टेप देऊन शाळेचं छप्पर मोजायला लाव. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या छपरावर 20 मिलिमीटर पडला तर 2000 लिटर. उन्हाळ्यात जिथे मुलं घरून बाटली भरून आणतात, तिथल्या शिक्षकांना हा हिशेब स्वतःच्या हातांनी करू दे.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 साली असं काम सुरू झालं. शिक्षक आधी स्वतः मुलांसारखे प्रयोग करत आणि पुढे दर महिन्याला जमून अडचणी मांडत. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मला तो निर्णय चुकीचाच वाटतो. ती मासिक बैठक तू सोडू नकोस. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास मागून घे आणि त्यात फक्त शिक्षकांच्या नोंदवह्या उघड.

प्रशिक्षणाआधी तुझ्या अंगणातही एक बाटली ठेव आणि आठ दिवसांचे आकडे मला कळव. मीही इथे ठेवली आहे. आज सकाळी 14 मिलिमीटर भरला.

तुझा,
मामा