गाडी गचका का देते?

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. ही मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. 2023 च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण काही हौशी लोकांनी आपल्या घरच्या पद्मिनी अजून जपून ठेवल्या आहेत. या जुन्या गाडीचा एक आजार आज आपण समजून घेऊ.

सिग्नल हिरवा होतो. ड्रायव्हर अॅक्सिलरेटर दाबतो. गाडीने लगेच पुढे जायला हवे. पण ती क्षणभर अडखळते, एक गचका देते आणि मग धावू लागते. रिकाम्या रस्त्यावर याचे काही वाटत नाही. पण मागून भरधाव ट्रक येत असेल, तर तो एक क्षण जिवावर बेतू शकतो.

गॅरेजमधल्या मुख्य कारागिराला ‘उस्ताद’ म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे! चांगला उस्ताद आल्याबरोबर पाना हातात घेत नाही. हकीम जशी रोग्याची चौकशी करतो, तसा तो आधी विचारतो, “गचका केव्हा बसतो? पाय दाबताक्षणी, की चढावर बराच वेळ दाबून ठेवल्यावर? इंजिन थंड असताना, की गरम झाल्यावरही?” अर्धे निदान या उत्तरांतच असते.

आता कारण पाहू. इंजिनात पेट्रोल हवेशिवाय जळत नाही. 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 15 ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण कार्ब्युरेटर तयार करतो. अॅक्सिलरेटर दाबला की त्यातली झडप उघडते आणि हवा एकदम आत शिरते. पेट्रोल हवेपेक्षा जड असल्यामुळे ते मागे राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरला एक लहानसा पंप असतो. झडप उघडताच तो पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. या पंपातला पातळ पडदा वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये भिजून ताठ होतो किंवा फाटतो. मग पिचकारी उडत नाही आणि पाय दाबताक्षणी गचका बसतो.

याची परीक्षा सोपी आहे. पण ती जाणत्या माणसानेच करावी. तुम्ही बाजूला उभे राहून पाहा. इंजिन बंद आणि थंड हवे. जवळपास काडी किंवा विडी पेटवू नये. एअर फिल्टर काढून उस्ताद कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहतो आणि हाताने झडप उघडतो. पेट्रोलची धार लगेच दिसली, तर पंप चांगला आहे. दिसली नाही, तर आधी पडदा तपासावा. पडद्याला थोडे पैसे पडतात, अख्ख्या कार्ब्युरेटरला पुष्कळ. तरीही न तपासताच “सगळा बदला” असे सांगणारे कारागीर भेटतात. अशा सल्ल्यापायी गरीब टॅक्सीवाल्याची कित्येक दिवसांची कमाई जात असे.

धारेच्या वाटेत कचरा अडकला असेल, तरीही पिचकारी उडत नाही. ते बारीक छिद्र हवा मारून साफ करावे. त्यात तार घालू नये. तारेने छिद्र मोठे होते आणि मग पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.

चढावर गाडी दम सोडत असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा टाकीकडून येणारे पेट्रोलच कमी पडत असते. फिल्टर तुंबलेला आहे का, ते आधी पाहावे. फक्त सकाळी, इंजिन थंड असताना गाडी अडखळत असेल, तर चोक पाहावा.

पेट्रोल बरोबर असूनही गचके येत असतील, तर ठिणगीकडे वळावे. प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण ठीक आहे. काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढरे दिसले, तर बहुधा हवा जास्त. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरते आणि ठिणगी भलतीकडेच पळते. तेव्हा टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसावी. फडके मात्र तेलकट नको.